नावांचा हिशेब ठेवणारा माणूस

साताऱ्याच्या एसटी स्टँडवर उतरून रिक्षावाल्याला सिव्हिलला घ्या म्हटले, की तो साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयासमोर आणून सोडतो. हेच सांगलीच्या स्टँडवर म्हटले, तर आपण सांगलीच्या सिव्हिलच्या फाटकात उतरतो. शब्द एकच, ठिकाणे दोन, आणि तरी कुणाची फसगत होत नाही. विचारणारा कुठे उभा आहे, हे सांगणाऱ्याला ठाऊक असते. मात्र रुग्ण दुसऱ्या जिल्ह्यात पाठवायचा असेल, तर चिठ्ठीवर नुसते सिव्हिल लिहून चालत नाही. तिथे रुग्णालयाचे पूर्ण नाव, गाव आणि जिल्हा लागतो, आणि त्या पूर्ण नावाचा अर्थ सगळीकडे एकच असावा लागतो.

संगणकांच्या जगातही नेमका हाच प्रश्न आहे. घरातले नाव घरापुरते आणि जगातले नाव जगभर एकच, ही घडी बसवण्यात ज्यांचे आयुष्य गेले ते म्हणजे जॉन पोस्टेल. इंटरनेट वापरणाऱ्या बहुतेकांनी हे नाव ऐकलेले नसते. १६ ऑक्टोबर १९९८ रोजी, वयाच्या ५५व्या वर्षी, लॉस एंजेलिसमध्ये त्यांचे निधन झाले. हृदयाची गळणारी झडप बदलण्याच्या शस्त्रक्रियेतून ते सावरत होते. आरोग्याच्या या सदरात त्यांची आठवण काढण्याचे ते एक कारण आहेच, पण दुसरे कारण अधिक मोठे आहे. आज आपल्या तालुक्याच्या रुग्णालयातसुद्धा रक्ताचा अहवाल वॉर्डातल्या पडद्यावर दिसतो की नाही, हे पोस्टेल यांनी घालून दिलेल्या व्यवस्थेवर अवलंबून आहे.

एकच शाळा

जोनाथन ब्रूस पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ रोजी कॅलिफोर्नियातील अल्टाडेना येथे झाला. शिक्षण लॉस एंजेलिसच्या परिसरातच झाले. व्हॅन नाइस हायस्कूल या शाळेतून तीन मुले बाहेर पडली, ज्यांनी पुढे इंटरनेटच्या उभारणीत मोठा वाटा उचलला. स्टीव्ह क्रॉकर, व्हिंट सर्फ आणि पोस्टेल. पुढे लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात पोस्टेल यांनी १९६६ मध्ये अभियांत्रिकीची पदवी, १९६८ मध्ये पदव्युत्तर पदवी आणि १९७४ मध्ये संगणकशास्त्रातली डॉक्टरेट मिळवली.

ते विद्यार्थी असतानाच विद्यापीठात एक ऐतिहासिक गोष्ट घडत होती. अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशातून अर्पानेट नावाचे संगणकांचे जाळे उभे राहत होते. १९६९ मध्ये या जाळ्याचे पहिले केंद्र याच विद्यापीठात सुरू झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथून स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेकडे पहिला संदेश गेला. सुरुवातीला या जाळ्यावर जेमतेम चार संगणक होते. त्यांनी एकमेकांशी कोणत्या पद्धतीने बोलायचे, हे ठरवणारे कुणी वडीलधारे नव्हते. विद्यार्थ्यांनीच ते ठरवले. क्रॉकर यांनी एप्रिल १९६९ मध्ये एक टिपण लिहिले आणि त्याला मते मागवणारे टिपण असे साधे नाव दिले. आरएफसी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या टिपणांची मालिका आजही चालू आहे. त्यांचे संपादन लवकरच पोस्टेल यांच्याकडे आले आणि शेवटपर्यंत त्यांच्याकडेच राहिले. त्यांच्या हयातीत टिपणांचा क्रमांक दोन हजार चारशेच्या पुढे गेला होता.

केसपेपरची खिडकी

सरकारी रुग्णालयात सगळ्यात महत्त्वाची जागा कोणती, असे विचारले तर लोक शस्त्रक्रियागृह किंवा अतिदक्षता विभाग सांगतील. मला विचाराल तर ती केसपेपरची खिडकी आहे. तिथला कारकून प्रत्येक रुग्णाला एक क्रमांक देतो. एकच क्रमांक दोघांना गेला, तर एकाचे रक्त दुसऱ्याला चढण्यापर्यंत वेळ येऊ शकते. या खिडकीवर बसलेल्या माणसाच्या नावाचा फलक कुठे लागत नाही, पण त्याने एक दिवस हलगर्जीपणा केला तर सगळ्या रुग्णालयाला तो भोवतो.

पोस्टेल यांनी अगदी हेच काम पत्करले. जाळ्यावर वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळे क्रमांक लागत होते. पत्र पाठवण्यासाठी एक, फाइल पाठवण्यासाठी दुसरा, दुसऱ्या संगणकावर बसल्या जागी काम करण्यासाठी तिसरा. कोणता क्रमांक कुणाला दिला, याची नोंद ते ठेवू लागले. मे १९७२ मध्ये एका टिपणात त्यांनी सुचवले, की हे क्रमांक वाटणारा कुणीतरी एक माणूस असावा, आणि ती जबाबदारी स्वतः घेण्याची तयारी दाखवली. त्यासाठी निवडणूक झाली नाही, सरकारी आदेश निघाला नाही. लोक त्यांच्याकडे क्रमांक मागत आणि ते देत. या कामालाच पुढे आयाना असे भारदस्त नाव मिळाले. पण बरीच वर्षे ते काम म्हणजे प्रामुख्याने पोस्टेल आणि त्यांच्या सहकारी जॉयस रेनॉल्ड्स, एवढेच होते.

मार्च १९७७ मध्ये पोस्टेल दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेत दाखल झाले. मरीना डेल रे येथील या संस्थेतच त्यांनी उरलेले आयुष्य काढले. लांब दाढी, वाढवलेले केस आणि पायात सँडल असा त्यांचा अवतार असे. सुट्टी मिळाली, की पाठीवर पिशवी टाकून ते सिएरा नेवाडाच्या डोंगरांत भटकायला जात. भाषणांची हौस नव्हती, बोलणे मोजके.

काम मात्र डोंगराएवढे होते. आज प्रत्येक मोबाइल ज्या नियमांनी माहितीची देवाणघेवाण करतो, त्या आयपी आणि टीसीपी या नियमांची १९८१ ची अधिकृत टिपणे पोस्टेल यांच्या संपादनाखाली निघाली. ईमेल पाठवण्याच्या पद्धतीचे १९८२ चे टिपणही त्यांचेच. या टिपणांमधून त्यांनी एक धोरण रुजवले. आपण पाठवताना नियम काटेकोर पाळावेत, पण दुसऱ्याकडून आलेल्या संदेशात बारीक चूक असेल तर शक्य तितके समजून घ्यावे. डॉक्टरला हे पटकन उमजते. आपण चिठ्ठीवर औषधाचे नाव सुवाच्य लिहावे, दुसऱ्याची चिठ्ठी मात्र धीराने वाचावी. अर्थात, धीराने वाचणे म्हणजे अंदाजाने औषध देणे नव्हे. इंटरनेटवर लबाड लोक वाढल्यावर या उदारपणाचा गैरफायदा घेतला जाऊ लागला आणि या धोरणाच्या मर्यादेवर तज्ज्ञांमध्ये आजही वाद चालतो.

एका यादीचे ओझे

संगणक एकमेकांना आकड्यांनी ओळखतात. माणसाला आकडे लक्षात राहत नाहीत, नावे राहतात. म्हणून नाव आणि आकडा यांची जोडी कुठेतरी लिहून ठेवावी लागते. अर्पानेटच्या काळात अशी एकच यादी होती. कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्कच्या संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती सांभाळत असे. नवा संगणक जोडला, की तिथे कळवायचे. मग यादीत ओळ वाढायची आणि सगळ्या संगणकांनी ती यादी उतरवून घ्यायची. चार संगणकांना हे ठीक होते. शेकडो झाल्यावर यादी रोज जुनी ठरू लागली. दोघांनी एकच नाव घेण्याचा धोका वाढला, आणि सगळा भार एका कचेरीवर पडला.

यावर काय करता येईल, याबद्दल अनेकांच्या सूचना आल्या होत्या. त्या तपासून मार्ग काढण्याचे काम पोस्टेल यांनी संस्थेतल्या तरुण सहकाऱ्याला, पॉल मॉकापेट्रिस यांना दिले. मॉकापेट्रिस यांनी सूचनांची गोळाबेरीज करण्याऐवजी नवीच व्यवस्था रचली. जून १९८३ मध्ये दोघांनी तिची पहिली यशस्वी चाचणी घेतली आणि नोव्हेंबरमध्ये तिची टिपणे निघाली. हीच डोमेन नेम सिस्टिम, म्हणजे डीएनएस.

या व्यवस्थेतले मर्म म्हणजे वाटून दिलेली जबाबदारी. सगळी यादी एकाकडे नसतेच. सगळ्यात वर मूळ सर्व्हर असतात. त्यांना फक्त एवढे ठाऊक असते, की डॉट कॉमची किंवा डॉट इनची चौकशी कुठे करायची. तिथे गेले, की पुढच्या पायरीचा पत्ता मिळतो, आणि शेवटी त्या संस्थेचा स्वतःचा सर्व्हर नेमका आकडा सांगतो. आपल्याकडच्या आरोग्ययंत्रणेत रुग्णाची माहिती हवी असेल तर जिल्हा, तालुका, प्राथमिक केंद्र, उपकेंद्र असे उतरत जावे लागते, तसेच हे. उपकेंद्राच्या वहीत काय लिहायचे ते उपकेंद्र ठरवते. त्यासाठी मंत्रालयात जावे लागत नाही. मिळालेले उत्तर काही वेळ लक्षात ठेवायचे, म्हणजे दर वेळी सगळी पायपीट करावी लागत नाही, अशीही सोय त्यात आहे.

१९८४ मध्ये पोस्टेल आणि रेनॉल्ड्स यांनी वरच्या पायरीची नावे जाहीर केली. डॉट कॉम, डॉट एज्यु, डॉट गव्ह, डॉट मिल, डॉट ऑर्ग आणि प्रत्येक देशासाठी दोन अक्षरे. देश कोणता मानायचा आणि कोणता नाही, हा राजकारणाचा काटेरी प्रश्न होता. पोस्टेल यांनी तो अंगावर घेतलाच नाही. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या यादीत जी दोन अक्षरे असतील तीच घ्यायची, असे त्यांनी ठरवले. याच पद्धतीने ८ मे १९८९ रोजी भारताचे डॉट इन नोंदले गेले. त्याची व्यवस्था अनेक वर्षे मुंबईत, जुहूच्या एनसीएसटी या सरकारी संशोधन संस्थेकडे होती. २००५ पासून ती निक्सीकडे आली. सर्वसामान्य भारतीयाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगममार्फत. आणि २०१४ मध्ये डॉट भारत हे देवनागरी नावही आले, ज्यात मराठीतून पत्ता लिहिता येतो.

घरातले पत्ते

आकड्यांचे जुने पत्ते सुमारे ४३० कोटी आहेत. ते पुरणार नाहीत, हे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच दिसू लागले. मग एक तोड निघाली. आकड्यांचे तीन गट आयानाने बाजूला काढून ठेवले आणि ते कुणालाही आपल्या इमारतीच्या आत, कुणाला न विचारता वापरता येतील असे ठरले. १९९४ मध्ये आणि मग सुधारून फेब्रुवारी १९९६ मध्ये त्याचे टिपण निघाले. १० ने सुरू होणारे पत्ते, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे पत्ते आणि १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते. यातला १० चा गट पूर्वी अर्पानेटचा होता. अर्पानेट १९९० मध्ये बंद झाले आणि तो मोकळा झाला. तुमच्या घरच्या वायफायवर मोबाइलचा पत्ता पाहिला, तर तो बहुधा या तिन्हींपैकीच एक असेल. शेजारच्या घरातही तोच आकडा असू शकतो आणि त्याने काही बिघडत नाही, कारण तो उंबऱ्याबाहेर जात नाही.

इथूनच सिव्हिलचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. समजा, रुग्णालयाच्या तळमजल्यावर एक सर्व्हर आहे. लॅबचे अहवाल, एक्स-रे, भरतीच्या नोंदी त्यावर आहेत. त्याला एक नाव आहे, समजा अहवाल.रुग्णालय.उदाहरण. डॉक्टर घरून हे नाव टाकतात, तेव्हा जगाचा डीएनएस त्यांना रुग्णालयाच्या राउटरचा बाहेरचा पत्ता देतो आणि राउटर त्यांना आत घेतो. ठीक चालते. पण वॉर्डातल्या संगणकावर सिस्टरने तेच नाव टाकले, तर तिलाही बाहेरचाच पत्ता मिळतो. मागणी राउटरपर्यंत जाते आणि तिथून वळून परत आत यायला हवी. अनेक राउटरना असे वळण घेता येत नाही. मग घरून दिसणारा अहवाल रुग्णाच्या खाटेशेजारी दिसत नाही, असा उफराटा प्रकार होतो. त्याहून वाईट म्हणजे रस्ता खोदताना केबल तुटली, किंवा कृष्णेचे पाणी चढून बाहेरची लाइन बंद पडली, तर नावाचा आकडा सांगणाराच कुणी उरत नाही. सर्व्हर दहा पावलांवर चालू असतो आणि रक्तातले पोटॅशियम किती हे विचारायला मामांना जिना उतरून लॅबमध्ये पळावे लागते. असा प्रकार मी एका ठिकाणी पाहिला आहे. पोटॅशियम वाढलेल्या रुग्णाच्या हृदयाचा ठोका बिघडायला फार वेळ लागत नाही. तिथे दहा मिनिटेही मोठी असतात.

यावरचा उपाय म्हणजे इमारतीच्या आत स्वतःचा छोटा डीएनएस ठेवणे. आतल्या संगणकांनी नाव विचारले, की हा सर्व्हर आतला पत्ता देतो, समजा १९२.१६८.१०.५. बाहेरून विचारले, तर जगाचा डीएनएस बाहेरचा पत्ता देतो. नाव तेच, उत्तर उभे राहण्याच्या जागेनुसार. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. बाइंड, अनबाउंड, डीएनएसमास्क अशी मोफत सॉफ्टवेअर आहेत आणि ती साध्या संगणकावर चालतात. राउटरमध्ये एक बदल करावा लागतो. जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक संगणकाला डीएनएस म्हणून या आतल्या सर्व्हरचा पत्ता दिला जाईल, असे तिथे सांगायचे. नाव तेच राहिल्याने ब्राउझरमधल्या कुलपाच्या चिन्हालाही बाधा येत नाही, कारण सुरक्षेचे प्रमाणपत्र नावाला असते.

यात नेहमी अडणाऱ्या चार जागा आहेत. पहिली, आतल्या सर्व्हरला संपूर्ण डोमेनचा मालक करून ठेवणे. मग संस्थेची वेबसाइट किंवा ईमेल, जी बाहेरच्या सर्व्हरवर आहे, तिची नोंद आत केली नसेल तर आतल्या लोकांसाठी ती नाहीशीच होते. म्हणून जेवढी नावे आत आहेत तेवढ्यांचेच उत्तर आत द्यावे, बाकीचे प्रश्न बाहेर पाठवावेत. दुसरी, जोडीला असावा म्हणून बाहेरचा एखादा डीएनएस दुसऱ्या क्रमांकावर लिहिणे. संगणक कधी पहिल्याला विचारतो, कधी दुसऱ्याला, आणि मग अहवाल कधी दिसतो, कधी नाही. जोडी हवीच असेल तर दुसराही आतलाच असावा. तिसरी, हल्लीचे काही मोबाइल आणि ब्राउझर आतल्या डीएनएसला वळसा घालून गुप्त मार्गाने बाहेरच्यालाच विचारतात. त्यांची ती सोय कामाच्या यंत्रांवर बंद करावी लागते. चौथी, लक्षात ठेवलेले जुने उत्तर. आत वापरलेला लॅपटॉप घरी नेला, तर काही वेळ तो आतलाच पत्ता धरून बसतो. त्यासाठी आतल्या उत्तरांची मुदत थोडी, काही मिनिटांचीच ठेवावी.

काही जण सोपा मार्ग म्हणून प्रत्येक संगणकातल्या यादीत हाताने नाव आणि आकडा लिहितात. चाळीस संगणक असतील तर चाळीस याद्या. सर्व्हरचा आकडा बदलला, की चाळीसही बदलायच्या, आणि एक हमखास राहून जाते. हे म्हणजे १९८३ च्या आधी परत जाणे झाले. आणखी एक मोह म्हणजे मनाला येईल ते शेवटचे नाव घेणे, डॉट हॉस्पिटल किंवा डॉट ऑफिस. उद्या जगाने तेच नाव कुणाला दिले तर आतले आणि बाहेरचे यांची टक्कर होते. आपले स्वतःचे नोंदवलेले नाव वापरणे सगळ्यात बरे. ते शक्य नसेल, तर डॉट इंटर्नल हे नाव अशा आतल्या वापरासाठी राखून ठेवण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला आहे.

जानेवारी १९९८

घरात हवे ते करा, पण मूळ एकच असले पाहिजे. ही शिस्त मोडेल असे वाटायला लावणारी घटना खुद्द पोस्टेल यांच्याच हातून घडली.

नव्वदच्या दशकात नावांना बाजारभाव आला. १९९५ पासून नेटवर्क सोल्युशन्स ही कंपनी डॉट कॉमच्या नोंदणीला दोन वर्षांचे १०० डॉलर घेऊ लागली. मूळ यादीचा मुख्य सर्व्हरही तिच्याकडेच होता. यावर ताबा कुणाचा, अमेरिकी सरकारचा, कंपनीचा की इंटरनेट उभारणाऱ्या तंत्रज्ञांचा, असा झगडा सुरू झाला. २८ जानेवारी १९९८ रोजी पोस्टेल यांनी मूळ सर्व्हर चालवणाऱ्या बारा जणांपैकी आठ जणांना ईमेल पाठवली. मूळ यादी कंपनीच्या सर्व्हरवरून न घेता आयानाच्या सर्व्हरवरून घ्या, असे त्यात सांगितले होते. आठही जणांनी ते मानले. त्यांच्याकडे ना पोलीस होते, ना कायदा. होता तो तीस वर्षांचा विश्वास.

काही दिवस जगाच्या नावांची दोन मुळे झाली. दोन्हीकडे यादी तीच असल्याने कुणाचे काही अडले नाही. पण व्हाइट हाउस हादरले. पोस्टेल यांच्यावर कडक शब्दांत दबाव आला. त्यांनी ही चाचणी होती असे सांगितले आणि आठवड्याभरात सगळे पूर्ववत केले. त्यांचा हेतू काय होता, याबद्दल आजही दोन मते आहेत. काहींना तो सत्तेला दिलेला इशारा वाटतो, काहींना खरोखरची चाचणी. एक गोष्ट मात्र उघडी पडली. जगाचा व्यवहार ज्यावर चालू लागला होता, ती व्यवस्था एका माणसाच्या शब्दावर टेकली होती. तो माणूस सज्जन होता, हे जगाचे नशीब. पण नशिबावर व्यवस्था चालवता येत नाही.

पोस्टेल यांनाही ते कळत होते. ते बराच काळ हे काम एखाद्या संस्थेकडे सोपवण्याच्या खटपटीत होते. ३० सप्टेंबर १९९८ रोजी त्यासाठी आयकॅन ही संस्था नोंदली गेली. तिचे तंत्रप्रमुख म्हणून पोस्टेल काम पाहणार होते. त्यानंतर सोळा दिवसांनी ते गेले.

गळणारी झडप

हृदयात चार झडपा असतात. दिवसाला सुमारे एक लाख वेळा त्या उघडतात आणि मिटतात. रक्त पुढे जावे, मागे येऊ नये, एवढेच त्यांचे काम. झडप नीट मिटली नाही, तर प्रत्येक ठोक्याला थोडे रक्त मागे येते. हृदय ते पुन्हा ढकलते, त्यासाठी हळूहळू मोठे होते आणि अनेक वर्षे तक्रार करत नाही. हाच या आजाराचा फसवेपणा. डोंगर चढणारा धडधाकट माणूसही याला अपवाद नसतो. पूर्वी अजिंक्यतारा सहज चढणारा अर्ध्यात थांबू लागला, रात्री उशा वाढवाव्या लागल्या, पायांवर सूज आली किंवा छातीत धडधड वाढली, की वय झाले म्हणून सोडून देऊ नये. स्टेथोस्कोपने ऐकू येणारा आवाज आणि इकोची तपासणी यांतून गळती कळते. गळती तीव्र असेल, तर हृदय थकण्याआधी झडप दुरुस्त करणे किंवा बदलणे हाच उपाय असतो. वेळ टळली, की शस्त्रक्रियेची जोखीम वाढते. आणि वेळेवर केली तरी ती मोठी शस्त्रक्रिया आहे. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, ठोक्यातला बिघाड, पक्षाघात असे धोके आजही पूर्ण संपलेले नाहीत.

आपल्या भागात झडपा बिघडण्याचे एक मोठे कारण मात्र टाळता येण्यासारखे आहे. लहान वयात घशाच्या विशिष्ट जंतुसंसर्गानंतर येणारा संधिवाताचा ताप, म्हणजे रुमॅटिक फीवर. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा दुखून ताप आला आणि नंतर मोठे सांधे एकामागून एक सुजू लागले, तर डॉक्टरांना दाखवावे. निदान झाले, तर दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते. बरे वाटले म्हणून ते मध्येच सोडणारी मुले पुढे विशीत धाप लागून आमच्याकडे येतात. शाळा आणि अंगणवाड्यांतल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत या आजाराचा समावेश आहे. पथक येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

माणूस गेला, नावे राहिली

पोस्टेल गेले त्या दिवशी इंटरनेट क्षणभरही थांबले नाही. क्रमांक वाटले जात राहिले, टिपणे निघत राहिली. मित्र व्हिंट सर्फ यांनी त्यांच्यावरचा मृत्युलेख आरएफसीच्याच मालिकेत, २४६८ क्रमांकाचे टिपण म्हणून प्रसिद्ध केला. इंटरनेट सोसायटीने त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू केला आणि १९९९ चा पहिला पुरस्कार त्यांनाच मरणोत्तर दिला. पण त्यांचा खरा सन्मान त्या न थांबण्यात होता. डोक्यात ठेवण्याऐवजी त्यांनी सगळे लिहून ठेवले होते. कुणालाही वाचता येईल अशा साध्या भाषेत, क्रमांक घालून.

आपल्या रुग्णालयांत, बँकांत, शाळांत आतले जाळे बहुतेकदा एकाच माणसाला ठाऊक असते. कोणता सर्व्हर कुठे, त्याचा आतला आकडा काय, डीएनएसमध्ये कोणती नावे लिहिली, पासवर्ड कुणाकडे. त्याची बदली झाली, कंत्राट संपले किंवा तो आजारी पडला, की सगळेच चाचपडू लागतात. त्यावरचा इलाज फुकट आहे. एक साधी वही घ्यावी. आतली नावे, त्यांचे आकडे, यंत्राची जागा आणि शेवटच्या बदलाची तारीख तिच्यात लिहावी. पासवर्ड वेगळ्या बंद पाकिटात, कार्यालयप्रमुखांच्या कपाटात ठेवावेत. वर्षातून एकदा, दुपारच्या निवांत वेळी, बाहेरची लाइन मुद्दाम काढून पाहावी आणि वॉर्डातल्या पडद्यावर अहवाल उघडतो का ते तपासावे. त्या वेळी लॅबमध्ये कागदी नोंदी तयार ठेवाव्यात. अहवाल उघडला नाही, तर दोष पुराच्या आधी सापडला असे समजावे आणि त्याच आठवड्यात दुरुस्त करून वहीत तारीख घालावी.